गैरहजरांची हजेरी

चिटणीसांना माणसं मोजता येत होती, यात वादच नाही. तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय? सभेला किती आले, मोर्चाला किती आले, कोण आलं नाही, आणि जे आले नाहीत त्यांच्यापैकी कोणाकोणाला आलेलं धरायचं. ही शेवटची विद्या अवघड. बैठकीला पुरेशी माणसं जमली नाहीत की ठराव लटकतो, ठराव लटकला की नळ लटकतो, गटार लटकतं, शाळेचं छप्पर लटकतं. अशा वेळी चिटणीस पेन बदलत, मनगट जरा तिरकं करत, आणि जी माणसं घरी पाय ताणून पडलेली असत त्यांच्या सह्या हजेरीच्या वहीत उमटत. त्यांना यात कधी काही गैर वाटलं नाही. वस्तीत नळ आले, रस्त्यावर दिवे आले, कारखान्यात आठ तासांची पाळी आली. खोट्या सहीने खरं पाणी येत असेल तर रडायचं कशाला, असं ते उघड म्हणत. पापपुण्य वगैरे शब्द त्यांनी विसाव्या वर्षीच प्रार्थनाघराच्या पायरीशी सोडले होते आणि ते उचलायला पुन्हा तिकडे गेले नव्हते.

म्हणून पक्षाच्या अध्यक्षांनी त्याच प्रार्थनाघराची माणसं मोजायला चिटणीसांना पाठवलं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. नियम साधा होता. सार्वजनिक जागेत लागोपाठ तीन दिवस पंचवीस माणसंही जमत नसतील तर ती नगरपालिकेने ताब्यात घ्यायची. तिथे दवाखाना व्हायचा होता. वस्तीत दवाखाना नव्हता ही गोष्ट खरी, आणि चिटणीस गेली सहा वर्षं त्यासाठी जोडे झिजवत होते हीही खरी.

"तुमच्या आई गेल्या त्या दिवशी गाडी मिळायला पाऊण तास गेला," अध्यक्ष म्हणाले. "दवाखाना कोपऱ्यावर असता तर..."

पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. कुठलं वाक्य अर्धं सोडायचं हे त्या माणसाला नेमकं कळत असे. चिटणीसांनी मोजणीच्या तक्त्याचा कागद घडी करून खिशात घातला.

आईला सगळी वस्ती काजवाली म्हणायची. शर्टांच्या कारखान्यात तिने चाळीस वर्षं काजं केली, डोळे अधू झाल्यावर घरी बसून केली, आणि अगदी शेवटी नुसतीच सुई हातात धरून बसायची. ती डावखुरी होती, त्यामुळे तिच्या काजाचा टाका उलट्या बाजूला झुकायचा. तिला दोन मुलगे. थोरला म्हणजे चिटणीस. धाकटा बाविसाव्या वर्षी गेला, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. रोज दिवेलागणीला काजवाली प्रार्थनाघरात जायची आणि तासाभराने परत यायची. थोरल्याला तिने कधी चल म्हटलं नाही. थोरल्याने कधी तिला जाऊ नको म्हटलं नाही. मायलेकांत एवढा समजूतदारपणा म्हणजे त्यामागे काहीतरी अडलेलं असतंच, पण ते दोघांनीही मूग गिळून सांभाळलं होतं.

पहिल्या दिवशी चिटणीस वेळेआधी जाऊन दाराशी स्टुलावर बसले. प्रार्थनाघर म्हणजे एक लांबट खोली. वर पत्रे, खाली झिजून गुळगुळीत झालेली फरशी, चुन्याच्या भिंती, बाकांच्या बारा रांगा. समोर कोनाड्यात काचेच्या चिमणीतला एक दिवा. बाकी ना चित्र ना फूल. माणसं आली ती पुढच्या तीन रांगांत मावली. इस्त्रीच्या दुकानातल्या दोघी बहिणी, निवृत्त कंपाउंडर, गवंडी आणि त्याची बायको, टपालवाला, शाळेत घंटा देणारी बाई, पोटुशी असलेली एक तरुण मुलगी आणि सगळ्यांसमोर उभा असलेला भोंगेवाला. नऊ. चिटणीसांनी दोनदा मोजले, कारण नऊ हा आकडा इतका सोयीचा होता की त्यांना स्वतःचाच संशय आला.

भोंगेवाल्याने पस्तीस वर्षं कारखान्याचा भोंगा वाजवला होता. अख्ख्या वस्तीला त्याने झोपेतून ओढून काढलं होतं, शिव्या खाल्ल्या होत्या, आणि आता त्याची भरपाई करत असल्यासारखा तो अगदी हळू बोलायचा. प्रार्थना संपली. मग त्याने एक जाड वही उघडली आणि चिटणीसांना लहानपणी ऐकलेलं एकदम आठवलं. इथे हजेरी घेतात. पण आलेल्यांची नव्हे. जे आलेले नाहीत त्यांची: मेलेले, गाव सोडून गेलेले, अंथरुणाला खिळलेले, तुरुंगात पडलेले, रागावून गेलेले. हाक नावाने द्यायची नाही, घराच्या नात्याने द्यायची. आणि एकच नियम होता. स्वतःसाठी कोणी बोलायचं नाही. ज्याची हाक येईल त्याच्यासाठी दुसऱ्याने 'आहे' म्हणायचं.

"गवंड्याची सासू," भोंगेवाला म्हणाला.

गवंड्याच्या बायकोने 'आहे' म्हटलं. टपालवाल्याच्या भावासाठी टपालवाला बोलला. इस्त्रीवाल्या बहिणींनी आईबापांना आणि परगावी गेलेल्या भाच्याला आलटून पालटून उत्तरं दिली. चिटणीस मनातल्या मनात हसले. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. आपण जे पेनाने केलं ते हे लोक तोंडाने करतात, एवढाच फरक, असं त्यांना वाटलं. सवयीने ते उत्तरं मोजत राहिले. वीस झाली, तीस झाली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गेली बरीच उत्तरं ते ऐकत होते, पण पुढच्या तीन रांगांतलं कोणाचंच तोंड हललेलं नव्हतं.

त्यांनी मान वळवली. मागच्या नऊ रांगा रिकाम्या होत्या. भोंगेवाल्याने पुढची हाक दिली. "कंपाउंडरचा मुलगा, जो घर सोडून गेला, परत आला नाही." आठव्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात उत्तर आलं. बाकावर धुळीशिवाय काही नव्हतं. पुढे बसलेल्यांपैकी कोणी मागे पाहिलं नाही. कंपाउंडरने फक्त मान जराशी हलवली, बाजूच्या खोलीतून बायको बोलल्यावर नवरा हलवतो तशी.

चिटणीसांच्या अंगावर काटा आला. पण माणूस हाडाचा कार्यकर्ता. त्यांनी लगेच ठरवलं की पत्र्याखाली आवाज घुमतो, भिंतीपलीकडे कोणी बसवलेलं असेल, दवाखाना नको म्हणून केलेली ही चलाखी असेल.

"काजवालीचा धाकटा."

कोणी बोललं नाही. भोंगेवाला थांबला. सात श्वास जातील इतका थांबला. मग पान उलटल्याचा आवाज आला.

"काजवालीचा थोरला."

"आहे," शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

तो आवाज चिटणीसांचा स्वतःचा होता. म्हणजे अगदी त्यांचा नव्हे. कोणीतरी घसा ओढून, छाती फुगवून काढलेला, चिटणीसांच्या आवाजाची नक्कल करणारा.

माणसं पांगेपर्यंत ते कसेबसे बसून राहिले. मग उठून त्यांनी भोंगेवाल्याला गाठलं आणि खडसावून विचारलं की माझी हाक या वहीत कोणी घातली, आणि ती आत्ताच्या आत्ता काढून टाका. भोंगेवाला शांतपणे चिमणी पुसत होता. ज्याने हाक घातली त्यालाच ती काढता येते, असं तो म्हणाला. तुझी हाक तुझ्या आईने घातली. ती तर आता इथे नाही.

"आणि धाकट्यासाठी कोणी का बोललं नाही?"

"इतकी वर्षं तुझी आई बोलत होती. गेलेल्यासाठी घरचं जिवंत माणूस लागतं. ती गेल्यापासून आजची अडतिसावी संध्याकाळ. चाळीस संध्याकाळी कोणी बोललं नाही की आम्ही ती हाक थांबवतो."

"मग माझ्यासाठी मागे कोण बोललं?"

"राहिलेले गेलेल्यांसाठी बोलतात, गेलेले राहिलेल्यांसाठी," भोंगेवाला म्हणाला. "मी फक्त वाचतो. ऐकायचं काम तुझं."

चिटणीस तिथून निघाले ते सरळ घरी गेले नाहीत. कारखान्याच्या फाटकासमोर एक दगड आहे, तिथे जाऊन उभे राहिले. या दगडाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी आठ तासांच्या पाळीसाठी मोर्चा निघाला, तेव्हा झेंडा घेऊन पुढे चालायचं काम थोरल्याचं होतं. पण ऐन वेळी मागण्यांचा मसुदा पक्का व्हायचा राहिला होता. थोरल्याने झेंडा धाकट्याच्या हातात दिला आणि 'तू हो पुढे, मी मागून येतोच' असं सांगितलं. धाकट्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. दादाने दिला म्हणून त्याने झेंडा घेतला. फाटकापाशी गोळीबार झाला त्यात तिघं गेले. मसुदा मात्र उत्तम झाला होता, त्यातली मागणी न् मागणी पुढे मान्य झाली.

त्या तिघांची नावं या दगडावर कोरलेली होती. अकरा वर्षांपूर्वी पक्षाचा कारखान्याच्या मालकांशी समझोता झाला, शाळेसाठी जमीन मिळणार होती, आणि मालकांना फाटकासमोर ती नावं नको होती. बैठकीत ठराव आला. नावं काढून तिथे 'सर्व ज्ञात-अज्ञात श्रमिकांना' असं कोरायचं. इतिवृत्तात चिटणीसांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: सर्वानुमते मंजूर. त्या दिवशीही माणसं कमी होती. तीन सह्या त्यांनीच केल्या होत्या.

आईने एकदाच विचारलं होतं. दोरा दाताने तोडता तोडता म्हणाली होती, "धाकट्याचं नाव काढलंस म्हणे?" ते म्हणाले, ठराव होता. ती 'बरं' म्हणाली आणि उठून प्रार्थनाघरात गेली. शाळा झाली. चांगली झाली. तिच्या पहिल्या वर्गात चिटणीसांची बायको शिकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बायकोला त्यांनी सगळं सांगितलं, अर्थात आपला आवाज ऐकू आला तेवढं वगळून. ती डब्याची झाकणं लावत होती.

"अहो, तुमच्या बैठकांना तरी कुठे जिवंत माणसं येतात?" ती म्हणाली. "त्यांचे मेलेले निदान बोलतात."

तिची जीभ अशीच होती. पण जाता जाता दारात थांबून तिने एक विचारलं: भाऊजींसाठी कोणी बोललं नाही, तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना? चिटणीसांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

त्या दुपारी त्यांनी बंदोबस्त केला. आईच्या खोलीतला पत्र्याचा डबा उघडून काजाच्या दोऱ्याचं पांढरं रीळ काढलं. प्रार्थनाघर रिकामं असताना जाऊन मागच्या नऊही रांगांवरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, बसणाऱ्याच्या छातीच्या उंचीला एकेक धागा ताणला आणि बाकाच्या कडेला साध्या गाठीने बांधला. भिंतीच्या पलीकडे पाहून आले. तिकडे नुसती मोकळी गल्ली होती, लपायला आडोसाही नव्हता. मग हात झटकून स्टुलावर येऊन बसले. आता बघू कोण बोलतंय ते.

संध्याकाळी तीच नऊ माणसं आली. प्रार्थना झाली, वही उघडली. उत्तरं आली, पुढून आली, मागून आली. म्हाताऱ्यांचे आवाज, बायकांचे, एक तर इतकं लहान मूल की त्याला 'आहे' नीट म्हणताही येत नव्हतं. धागे तुटणं सोडा, हललेसुद्धा नाहीत. काजवालीच्या धाकट्याची हाक आली तेव्हा चिटणीसांनी फरशीकडे पाहिलं. सात श्वास संपले. पान उलटलं.

"काजवालीचा थोरला."

"आहे," मागून आलं, आणि या वेळी चिटणीसांना ओळख पटली.

लहानपणी आई दुसऱ्या पाळीला असायची. थोरला तेव्हापासूनच सभांच्या नादी लागलेला. आई पाळीवरून यायची आणि कुलपाची किल्ली शोधता शोधता दाराबाहेरूनच विचारायची, "आलात का रे दोघे?" धाकटा अंथरुणातून एकदा आपल्या आवाजात 'आहे' म्हणायचा, आणि मग घसा ओढून, छाती फुगवून, दादाच्या जाड आवाजात आणखी एकदा 'आहे' म्हणायचा. आई फसायची की फसल्यासारखं करायची ते तिचं तिला ठाऊक. मागून भिंतीवरून उडी मारून थोरला येईपर्यंत धाकट्याने त्याची हजेरी लावून ठेवलेली असे. गैरहजर माणसाला हजर धरायची विद्या चिटणीसांना पक्षाने शिकवली नव्हती.

सगळे गेल्यावर त्यांनी एकेक धागा सोडायला घेतला. आठ रांगांच्या गाठी त्यांनी बांधल्या तशाच होत्या. शेवटच्या रांगेची गाठ सुटेना. खाली वाकून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाहिलं. त्यांच्या साध्या गाठीवर कोणीतरी काजाचे टाके घातले होते. पाच टाके, एकमेकांना घट्ट चिकटलेले, उलट्या बाजूला झुकलेले.

त्यांना रडू आलं. भीतीने आलं की आणखी कशाने, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. भोंगेवाला दिव्यापाशी होता. तो जवळ आला नाही आणि निघूनही गेला नाही. बऱ्याच वेळाने चिटणीसांनी त्याला विचारलं की आईने माझी हाक कधी घातली, मी इथे यायचं सोडलं तेव्हा का?

"छे. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. पोरं जातात, म्हणाली होती. तुझी हाक घातली तिला अकरा वर्षं झाली. दगडावरचं नाव गेलं त्या संध्याकाळी." भोंगेवाल्याने वात खाली केली. "मी म्हटलं, बाई, तो तर जिवंत आहे, रोज तुझ्याच घरी जेवतो. तर म्हणाली, धाकटा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. थोरल्याचा पत्ता लागत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळपासून चिटणीसांच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. तक्ता त्यांच्या खिशात होता. तीन रकाने, तीन आकडे. सव्वीस लिहिलं की प्रार्थनाघर वाचलं. हात तिरका करायची सवय त्यांना होतीच, आणि आयुष्यात एकदा तरी ती आईच्या उपयोगी पडली असती. दिवेलागणीच्या बरंच आधी ते भोंगेवाल्याकडे गेले आणि त्यांनी हे सुचवलं. सुचवताना त्यांचा आवाज नेहमीसारखा बैठकीतला झाला होता, हलका आणि खात्रीचा.

भोंगेवाल्याने ऐकून घेतलं. मग त्याने त्या तरुण मुलीची गोष्ट काढली. तिला सातवा संपत आला आहे, नवरा बाहेरगावी, आणि मागच्या वर्षी अशीच एक जण गाडीची वाट बघता बघता गेली. दवाखाना व्हायला हवा, तो म्हणाला. हाक काय, मी माझ्या खोलीत देईन.

"पण मग हे सगळे..." चिटणीसांनी मागच्या बाकांकडे हात केला.

"ते काय बाकांसाठी येतात? जेवढे दिसले तेवढे लिही. इथे खोटी सही नको, बाबा. तुझ्याकडे तशा पुष्कळ झाल्या."

तो हे टोचून बोलला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. पुढे दवाखाना झालाच, आजही आहे, आणि ती मुलगी तिथे पहिली बाळंत झाली. सांगणाऱ्याने त्यात खोट काढायचं कारण नाही. माणसाला नळ लागतो, दिवा लागतो, दवाखाना लागतो. चिटणीसांनी तीस वर्षं वस्तीला हे सगळं आणून दिलं आणि ते मोलाचंच होतं. फक्त या सगळ्यात धाकटा कुठे ठेवायचा याला जागा नव्हती. प्रत्येक चांगल्या कामासाठी त्याला थोडं थोडं बाजूला सरकवावं लागलं, आणि एक दिवस तो दगडावरूनही सरकला.

माणसं येऊ लागली. चिटणीसांनी तक्ता गुडघ्यावर ठेवला. पहिल्या रकान्यात नऊ लिहिलं, दुसऱ्यात नऊ. तिसऱ्या रकान्याशी पेन थांबलं. मग ते स्टुलावरून उठले, चौथ्या रांगेत जाऊन बाकावर बसले आणि तिथे बसून त्यांनी लिहिलं: दहा. त्यांच्या हातून लिहिली गेलेली ती बहुधा पहिलीच खरी हजेरी असेल.

प्रार्थनेचे शब्द त्यांना आठवत नव्हते. ओठ हलवून नाटक करावंसंही वाटलं नाही. ते नुसते ऐकत बसले. बाहेर उजेड उतरत होता, पत्रे निवताना कट कट वाजत होते. वही उघडली. मागे चाहूल होती. कोणी बसत होतं, कोणी जरा सरकून दुसऱ्याला जागा करून देत होतं. बाकांची लाकडं करकरत होती. आज पुढून मागून येणारी उत्तरं त्यांनी मोजली नाहीत.

"काजवालीचा धाकटा."

एक श्वास गेला. चाळिसावी संध्याकाळ. 'आहे' हा केवढासा शब्द, पण तो जिभेवर येईना. आहे म्हणायचं म्हणजे तो होता असं म्हणायचं. त्याला मी पाठवला असं म्हणायचं. मी मागून येतो म्हणालो आणि गेलो नाही, आणि अठरा वर्षांनी त्याचं नाव सर्वानुमते पुसलं, असं म्हणायचं. तीन श्वास गेले. चार. अध्यक्ष काय म्हणतील हा विचारही येऊन गेला, खोटं कशाला बोला. पाच. हजारांच्या सभेत ज्या माणसाचा आवाज कधी अडला नाही त्याची नऊ माणसांसमोर दातखीळ बसली. भोंगेवाल्याचं बोट पानाच्या कोपऱ्याखाली गेलं. सहा.

"आहे," चिटणीस म्हणाले.

आवाज फाटकाच निघाला, पण निघाला. इस्त्रीवाली धाकटी बहीण मागे वळून न बघता हुंदका गिळल्यासारखी हलली. भोंगेवाल्याने बोट काढून घेतलं, खिशातून पेन्सिल काढली आणि वहीत बारीकशी खूण केली. आणि लगेच पान उलटलं.

"काजवालीचा थोरला."

मागून काही आलं नाही. एक श्वास गेला, दोन गेले. चिटणीसांनी बाकाची कड घट्ट धरली. स्वतःसाठी बोलायचं नाही हा नियम त्यांना ठाऊक होता, आणि नसता तरी काय म्हणाले असते? आपण आहोत की नाही हे त्यांनाच कुठे माहीत होतं? धाकट्याला आज उत्तर मिळालं, तो मोकळा झाला, गेला असेल. जाऊ दे, त्याचा हक्कच आहे. तीन. चार. पण मग आपल्यासाठी या जगात बोलणारं कोणी उरलेलं नाही, हे त्यांना इतक्या स्वच्छपणे कळलं की त्यांनी डोळे मिटून घेतले. इतकी माणसं त्यांनी हजर दाखवली होती, त्यातला एकही आता त्यांच्यासाठी 'आहे' म्हणायला येणार नव्हता. पाच.

त्यांच्या अगदी पाठीमागच्या बाकावर कोणीतरी बसलं. घाईने बसलं, धावत आल्यासारखं. मानेवर गरम श्वास लागला.

सहा.

"आहे, दादा आहे," तो म्हणाला.

या वेळी त्याने घसा ओढला नव्हता. जाड आवाज काढला नव्हता. बावीस वर्षांच्या पोराचा तो आवाज त्याचा स्वतःचा होता, जरासा धापा टाकणारा. चिटणीसांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी फक्त बाकाच्या पाठीवरून आपला एक हात मागे नेला आणि झेंडा परत मागावा तसा उघडा धरला.